खासगी स्वर्ग आणि सार्वजनिक न्याय

(एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अद्भुतकथा हा समाजवादी विचाराच्या माणसांना फारसा न मानवणारा वाङ्मयप्रकार आहे. जादूगारणी, बुटके आणि शापित राजपुत्र यांच्यात रमणारा वाचक भोवतालच्या अन्यायाकडे पाठ फिरवतो, असा समज पुरोगामी चळवळींत फार पूर्वीपासून रूढ आहे. दुसऱ्या बाजूस पालकांचा आणि शिक्षकांचा एक मोठा वर्ग असा आहे की, ज्याला अद्भुतकथा चालते, परंतु ती निरागस असली पाहिजे. मुलांच्या हाती काळोखाची पुस्तके देऊ नयेत, असे ह्या वर्गाचे म्हणणे. हे दोन पक्ष एरवी एकमेकांच्या विरोधात उभे असले, तरी त्यांच्या भूमिकेखाली एकच गृहीतकृत्य दडलेले आहे. जादूच्या गोष्टीला वास्तवातील दुःखाविषयी काही गंभीर सांगता येत नाही, हे ते गृहीतकृत्य होय. ऑस्ट्रेलियन लेखिका मार्गो लॅनागन यांची 'टेंडर मॉर्सल्स' ही २००८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्या गृहीतकृत्याला छेद देते. म्हणूनच तिचा विचार साहित्याच्या वर्तुळाबाहेरही व्हावयास हवा.

लॅनागन ह्यांचा जन्म १९६० सालचा, न्यू साऊथ वेल्स राज्यातला. एका गुन्ह्याची शिक्षा म्हणून डांबराच्या तळ्यात हळूहळू बुडत जाणारी बहीण आणि तिच्याजवळ बसून तिला गाण्यांनी निरोप देणारे तिचे कुटुंब, अशी त्यांची एक कथा आहे. त्या कथेने आणि ती ज्या संग्रहात आहे त्या संग्रहाने २००५ साली जागतिक अद्भुत-साहित्य पुरस्कार मिळवले. 'टेंडर मॉर्सल्स'लाही २००९ साली हा पुरस्कार दुसऱ्या एका कादंबरीबरोबर विभागून मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने कुमार वाचकांच्या उत्तम पुस्तकांत तिची गणना केली. तथापि पुरस्कारांपेक्षा पुस्तकाचा विषय महत्त्वाचा आहे.

कादंबरीचा सांगाडा जर्मनीतील एका जुन्या परीकथेचा आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात १८३७ च्या आवृत्तीपासून ही कथा १६१ व्या क्रमांकावर सापडते. एका गरीब विधवेच्या झोपडीसमोर पांढऱ्या आणि तांबड्या गुलाबाची दोन झाडे आहेत. तिच्या दोन मुलींची नावेही त्या फुलांवरून पडलेली. हिवाळ्यात एक अस्वल त्यांच्या शेकोटीपाशी आसरा घेते. रानात एक कृतघ्न बुटका भेटतो. मुली त्याला तीनदा संकटातून सोडवतात आणि तो तिन्ही वेळा त्यांना शिव्या देतो. अखेर अस्वल बुटक्याला ठार करते आणि त्याचा राजपुत्र होतो. एक बहीण त्याच्याशी, दुसरी त्याच्या भावाशी विवाह करते.

ह्या कथेचे त्याआधीचे रूप कॅरोलिन श्टाल ह्या लेखिकेने १८१८ साली प्रसिद्ध केले होते. तिच्या कथेत राजपुत्र नाही आणि लग्नही नाही. बुटका मेल्यावर त्याचा खजिना गरीब घरच्या मुलींना मिळतो आणि कुटुंबाचे दैन्य फिटते. ग्रिमच्या हाती आल्यावर तोच खजिना मुळात राजपुत्राचा, बुटक्याने चोरलेला, असा ठरला. मुलींच्या वाट्याला तो आला, परंतु लग्नाच्या वाटेने आला. केवळ एकोणीस वर्षांत संपत्तीची मालकी आणि स्त्रीचे स्थान ह्यांविषयीची कल्पना एका बालकथेत अशी पालटली. परीकथा म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणणाऱ्यांनी एवढा एक फरक ध्यानी घेतला तरी पुरे.

ग्रिम बंधूंनी अत्याचाराच्या कथांनाही असाच सोज्ज्वळ घाट दिला. हात तोडलेल्या मुलीची त्यांची कथा प्रसिद्ध आहे. तिच्या एका लोककथारूपात बापच मुलीची अभिलाषा धरतो आणि तिने नकार देताच तिचे हात तोडतो. हे रूप ग्रिमना ठाऊक होते, त्यांच्या टिपणांत त्याची नोंद आहे. छापील कथेत मात्र बापाची वासना नाहीशी झाली आणि तिच्या जागी सैतान आला. सख्ख्या आईचे क्रौर्यही पुढील आवृत्त्यांत सावत्र आईच्या माथी मारले गेले. घरातील माणसे निर्दोष राहावीत म्हणून दोष बाहेरून आणावा लागला. खेड्यापाड्यांतील बायकांना जे माहीत होते आणि त्या जे कथेतून बोलत होत्या, ते सुशिक्षित मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येताना गाळले गेले. लॅनागन ह्यांनी केले ते इतकेच की, हे गाळलेले दुःख त्यांनी कथेत परत आणले.

जुन्या कथेतील विधवा आई विधवा कशी झाली, ती रानात एकटी का राहते, ह्याची चौकशी ग्रिमच्या कथेत नाही. लॅनागन तेथूनच आरंभ करतात. लिगा ही सेंट ओलाफ्रेड ह्या काल्पनिक गावाबाहेर, रानातल्या झोपडीत बापाबरोबर राहणारी किशोरवयीन मुलगी. आई वारलेली. बाप तिच्यावर वर्षानुवर्षे अत्याचार करतो. दिवस गेले की गावातल्या जडीबुटीवाल्या बाईकडून औषध आणून गर्भ पाडवतो, आणि आपल्या देहाचे काय होते आहे हेही त्या मुलीला कळू देत नाही. पुढे अपघातात बापाचा मृत्यू होतो आणि लिगाला मुलगी होते. थोड्याच दिवसांत गावातील तरुणांची टोळी झोपडीवर येते. ह्या प्रसंगाचे वर्णन लेखिकेने टाळले आहे. आधी आणि नंतर एवढेच वाचकासमोर येते. पुस्तक अश्लील आहे म्हणणाऱ्यांनी हा संयम पाहावा. अत्याचाराचे दृश्य रंगवून वाचकाची उत्सुकता शमवणारे साहित्य बाजारात उदंड आहे, हे पुस्तक त्या जातीचे नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही झोपडी पाहण्यासारखी आहे. लिगा स्वयंपाक करते, सरपण आणते, घर राखते. ह्या श्रमाला मजुरी नाही आणि घरावर तिचा हक्क नाही. बाजारात ती स्वतंत्रपणे जात नाही, कोणाशी तिचा व्यवहार नाही. तिचे अन्न, निवारा आणि लौकिक ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती आहेत. अशा संपूर्ण अवलंबित्वात 'संमती' हा शब्द निरर्थक होतो. आणि बाप मेला तेव्हा ती स्वतंत्र झाली असे गावाने मानले नाही. तिचा मालक उरला नाही, असे मानले. तरुणांच्या टोळीला झोपडीचा रस्ता दाखवला तो ह्या समजुतीने. एका माणसाचा विकार आणि टोळीची गुंडगिरी अशा दोन वेगळ्या घटना येथे नाहीत. मुलगी ही कोणाच्या तरी ताब्यातील वस्तू आहे, ह्या एकाच व्यवस्थेची ती दोन टोके आहेत.

गावाचा सण हेच दुसऱ्या रीतीने सांगतो. वर्षातून एकदा काही निवडक तरुण अस्वलाची कातडी पांघरून, काजळी फासून रस्त्यांतून धावतात आणि सापडेल त्या मुलीला काळे फासून तिचे चुंबन घेतात. अशा तऱ्हेचे अस्वलाचे उत्सव फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात खरोखर होतात. २०२२ साली युनेस्कोने सीमाभागातील अशा हिवाळी उत्सवांना सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थानही दिले. लोकोत्सव मोडीत काढावेत असा ह्याचा अर्थ नव्हे. कादंबरीतील सर्वांत सज्जन पुरुषही ह्याच सणात अस्वल होऊन धावतो. परंतु बळजोरीचे खेळकर रूप ज्या गावात वर्षातून एक दिवस गौरवले जाते, तेथे उरलेल्या दिवसांतील बळजोरी ओळखू येणे कठीण होते, एवढे लेखिका सुचवते.

लिगा तान्ह्या मुलीसह कड्यावरून उडी टाकावयास जाते. तेथे एक अलौकिक शक्ती तिला थांबवते आणि दोन रत्ने देते, एक पांढरे, एक लाल. दुसऱ्या दिवशी ती जागी होते ती एका निराळ्याच जगात. गाव तेच, रान तेच, झोपडीही तीच. परंतु दुष्ट माणसे नाहीशी झालेली आणि उरलेली सारी मायाळू. हा तिच्या मनीचा स्वर्ग आहे, तिच्यापुरता निर्माण झालेला. दारात पुरलेल्या रत्नांतून पांढऱ्या आणि तांबड्या फुलांची दोन झुडपे उगवतात. तेथे ती ब्रान्झा आणि उर्डा ह्या मुलींना वाढवते. थोरली शांत, पशुपक्ष्यांत रमणारी; धाकटी चौकस आणि हट्टी. दोघींचे जन्म अत्याचारातून झालेले आहेत आणि दोघींनाही त्याचा पत्ता नाही.

ह्या स्वर्गाची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. लिगाला त्या क्षणी सर्वांत मोठी गरज सुरक्षिततेची होती आणि ती तिला जगात कोठेच मिळत नव्हती. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन ह्यांनी मानसिक आघात आणि त्यातून सावरणे ह्या विषयावर १९९२ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली सुरक्षितता, दुसरी घडलेल्याचे स्मरण आणि शोक, तिसरी सर्वसामान्य जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. पहिल्या पायरीवाचून पुढच्या दोन चढता येत नाहीत. तेव्हा लिगाचा स्वर्ग हा पळपुटेपणा नव्हे. परंतु जादूने तिला पहिली पायरी बहाल केली आणि जिना तेथेच संपवला. त्या जगात आठवण काढण्याचे कारण उरले नाही, आणि आठवण ऐकून घेईल असा माणूसही उरला नाही. तेथील माणसे गोड आहेत. मात्र ती तिच्या इच्छेतून निर्माण झालेली असल्याने तिला विरोध करू शकत नाहीत, आणि तिचे दुःख समजूही शकत नाहीत.

ही उणीव प्रथम जाणवते ती धाकट्या उर्डाला. भोवतालची माणसे तिला पोकळ वाटू लागतात. दुसऱ्या जगातून चुकून तेथे आलेली अस्वले आणि एक लोभी बुटका ह्यांच्यामुळे स्वर्गाला कोठेतरी भगदाड आहे, हे तिच्या ध्यानी येते. ती ते शोधून काढते आणि निघून जाते. दोन्ही जगांत काळाची गती वेगळी असल्याने बहिणींची ताटातूट विलक्षण ठरते. सुरक्षित जगात राहिलेली ब्रान्झा आणि असुरक्षित जग निवडणारी उर्डा ह्यांच्यात लेखिका कोणालाही मूर्ख ठरवत नाही. आघाताची मुले अशीच दोन वाटांनी जातात. एक आईच्या मौनाची राखण करते, दुसरी ते मौन फोडते. सारे कुटुंब पुन्हा खऱ्या गावात येते, सत्य हळूहळू उघड होते, तेव्हा दोघींनाही एकमेकींची गरज लागते.

जर्मन तत्त्वचिंतक अर्न्स्ट ब्लॉख ह्यांनी १९५४ ते १९५९ ह्या काळात तीन खंडांत आशेचे तत्त्वज्ञान मांडले. मार्क्सवादी असूनही त्यांनी परीकथांना तुच्छ लेखले नाही. गरिबाच्या स्वप्नात भविष्याची चाहूल असते, असे ते मानत. मात्र त्यांनी अमूर्त आणि मूर्त अशा दोन युटोपियांत भेद केला. वास्तवाशी नाते तोडलेले स्वप्न पहिल्या प्रकारात मोडते. वास्तवातील शक्यता ओळखून, माणसांच्या सामूहिक कृतीतून साकारू पाहणारे स्वप्न दुसऱ्या प्रकारात. लिगाचा स्वर्ग पहिल्या प्रकारचा आहे. तो एका व्यक्तीपुरता आहे, आणि त्याने खऱ्या गावातील एकही गोष्ट बदललेली नाही. ती स्वर्गात असताना तिच्यावर अत्याचार करणारे तरुण गावात प्रतिष्ठेने वावरत होते, आणि दुसऱ्या कोण्या लिगाला त्यांच्यापासून कसलेच संरक्षण नव्हते. पीडितेला दूर पाठवून गावाची अब्रू राखण्याची जुनी रीत आणि हा स्वर्ग ह्यांचा परिणाम गावाच्या दृष्टीने एकच होतो.

हर्मन ह्यांच्या ग्रंथातील आणखी एक प्रतिपादन चळवळीतील माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे. आघाताचे ज्ञान राजकीय चळवळीवाचून टिकत नाही, असे त्या म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये स्त्रियांच्या उन्मादाचा अभ्यास झाला, त्यामागे धर्मसत्तेशी झुंजणारे प्रजासत्ताकवादी राजकारण होते. महायुद्धांतील आणि पुढे व्हिएतनाममधील सैनिकांच्या मनोभंगाची दखल युद्धविरोधी जनमतामुळे घेतली गेली. १९८० साली अमेरिकन मनोविकारशास्त्राने त्याला अधिकृत निदानाचे नाव दिले. घरातील अत्याचार दिसू लागला तो स्त्रीमुक्ती चळवळीमुळे. चळवळ ओसरली की समाज विसरतो. महाराष्ट्राला ह्याचे उदाहरण बाहेर शोधावयास नको. देसाईगंज येथे १९७२ साली पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, ह्यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. १९७९ साली चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. भीतीने गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे समजण्यास एवढा लढा लागला.

लॅनागन ह्यांच्या स्वतःच्या देशातही पुढे असाच एक मोठा प्रयत्न झाला. ऑस्ट्रेलिया सरकारने बालकांच्या लैंगिक शोषणाबाबत संस्थांनी काय केले, ह्याची चौकशी करण्यासाठी २०१३ साली शाही आयोग नेमला. चर्च, शाळा, अनाथालये, क्रीडासंस्था अशा साऱ्यांची सुनावणी झाली. आठ हजारांहून अधिक व्यक्तींनी आयोगासमोर खासगी बैठकीत आपली हकीकत सांगितली. ५७ प्रकरणांत जाहीर सुनावणी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये १७ खंडांचा अंतिम अहवाल आला. १ जुलै २०१८ पासून भरपाईची राष्ट्रीय योजना लागू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. आयोगाने भरपाईची कमाल मर्यादा दोन लाख डॉलर सुचवली होती, सरकारने ती दीड लाखावर आणली. बालपणाची किंमत डॉलरांत होत नाही, हे उघड आहे. तरीही राज्यसंस्थेने हिशेबाच्या वहीत हे देणे आपल्या नावावर मांडले, ह्या गोष्टीचे मोल आहे. साठ-सत्तर वर्षांची माणसे बालपणीचे दुःख प्रथमच बोलली आणि अधिकाराच्या खुर्चीवरील माणसाने ते ऐकून लिहून घेतले. जादूच्या स्वर्गात लिगाला हेच मिळाले नव्हते.

परंतु ह्या आयोगाची कक्षा संस्थांपुरती होती. घराच्या चार भिंतींतील अत्याचार तिच्या बाहेर राहिले. लिगा आजच्या ऑस्ट्रेलियात जन्मली असती, तरी तिच्या बापाविषयीची तक्रार त्या आयोगाच्या अधिकारात बसली नसती. कुटुंब ही सर्वांत जुनी संस्था, आणि तिच्या हिशेबतपासणीची व्यवस्था जगात सर्वत्र दुबळी आहे.

आता कादंबरीच्या मर्यादा. सत्य कळल्यावर उर्डाचा संताप जादूचे रूप घेतो. कापडाच्या आकृत्या जिवंत होतात आणि त्या जुन्या गुन्हेगारांवर त्यांनी केलेल्याच अत्याचाराची परतफेड करतात. हा भाग वाचकाला हादरवतो. काहींना त्याने समाधानही लाभेल. परंतु सूडाची ही रात्र आणि लिगाचा स्वर्ग एकाच कुळातले आहेत. दोन्ही खासगी, दोन्ही जादूचे. गावसभा बसत नाही, आरोप उच्चारला जात नाही, गावाला आपल्या मौनाचा जाब द्यावा लागत नाही. गुन्हेगाराला वेदना झाली म्हणजे न्याय झाला, ही समजूत आज फाशीच्या आणि चकमकींच्या घोषणांतून ऐकू येते. समाजवाद्यांनी तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. आणखी एक बाब अशी की, कादंबरीत 'मी' म्हणून बोलणारे निवेदक पुरुष आहेत. लिगा आणि तिच्या मुलींची कहाणी तृतीय पुरुषात येते. स्वतःच्या मुखाने बोलण्याचा हक्क पुरुषांकडे, आणि ज्यांच्यावर सारे गुदरले त्यांच्याविषयी दुसऱ्यानेच बोलावयाचे, हे वास्तवाचे प्रतिबिंब म्हणून खरे असेल. तरी लिगाच्या मुखातील 'मी' वाचकाला सतत उणा भासतो.

शेवट मात्र लेखिकेने प्रामाणिक ठेवला आहे. एके काळी अस्वलाच्या रूपात भेटलेल्या सज्जन पुरुषाविषयी लिगाच्या मनात आशा असते. तो मागणी घालतो ती ब्रान्झाला. परीकथेचे लग्न होते, परंतु आईच्या वाट्याला एक नवे, साधे, मानवी दुःख येते. स्वर्गात हे दुःख तिला झाले नसते. ते सोसण्याची शक्ती आता तिच्यात आहे, कारण तिच्या मुलींना तिची खरी कहाणी ठाऊक आहे आणि ती खऱ्या माणसांत राहते आहे. आघातातून सावरणे म्हणजे दुःखमुक्त होणे नव्हे. इतरांना होणारी दुःखे पेलण्याइतके पुन्हा माणसांत येणे, असा अर्थ ह्या शेवटातून निघतो.

असे पुस्तक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती द्यावे काय, हा प्रश्न उरतो. मोठ्या माणसाने आधी स्वतः वाचून, मग बरोबरीने बोलत द्यावे, हे त्याचे उत्तर. ज्या वयात लिगावर अत्याचार झाले, त्याच वयाला त्याविषयी वाचण्यास बंदी करणे म्हणजे पुन्हा औषध कशाचे हे न सांगता पाजण्यासारखे आहे. ज्या मुलीने हे भोगले असेल, तिला घडलेल्या गोष्टीसाठी शब्द मिळतील. ज्याने भोगले नसेल, तो शेजारच्या झोपडीकडे निराळ्या नजरेने पाहील. त्यापुढचे काम पुस्तकाचे नाही. बोलणाऱ्या मुलीचे ऐकून घेणारा शिक्षक, घर सोडावे लागले तर राहावयास जागा, स्वतःच्या कमाईचे साधन, तक्रार नोंदवणारा पोलीस आणि वेळेवर निकाल देणारे न्यायालय ही सारी सार्वजनिक व्यवस्थेची कामे आहेत. त्यांसाठी अंदाजपत्रकात पैसा लागतो आणि तो मागणारी चळवळ लागते. ज्या गावात ह्या गोष्टी असतील, तेथील लिगाला जगण्यासाठी स्वर्गाची गरज पडणार नाही.